मंगळावर हवा नसल्यातच जमा, मग तिथल्या वाळूच्या टेकड्या सरकतात कशा?

शाळामास्तर_खानापूर
नमस्कार मंडळी. आमच्या आठवीच्या पोरांनी यंदा तालुका विज्ञान प्रदर्शनाला मंगळ घेतलाय. दरवर्षी तोच ज्वालामुखी आणि तेच पवनचक्कीचं मॉडेल बघून परीक्षकपण कंटाळलेत, म्हणून म्हटलं काहीतरी वेगळं करूया. ट्रेमध्ये वाळूची टेकडी करायची, समोर टेबलफॅन लावायचा, टेकडी सरकताना दाखवायची आणि वर पाटी लावायची 'मंगळावरील वालुकागिरी'. सगळं ठरलं आणि परवा एका पोरीनं उभं राहून विचारलं, सर, मंगळावरच्या हवेचा दाब आपल्या शंभराव्या भागाएवढापण नाही असं तुम्हीच सांगितलं, मग फॅन कशाला लावायचा?

वर्ग हसला, मी घंटा व्हायची वाट बघितली. तर आता सांगा, त्या टेकड्या खरंच सरकतात का, की कधीकाळी झाल्या आणि आता नुसत्या पडून आहेत? सरकत असतील तर किती? आणि फॅन ठेवू की काढू?

पोरका_ढग
फॅन ठेवा सर, परीक्षकांना उकडतं.

तंबाखूवखार
माझ्या मते पडूनच आहेत. लहानपणी वाचलेल्या सगळ्या पुस्तकांत हेच होतं की मंगळ म्हणजे मेलेला ग्रह, पूर्वी तिथं दाट हवा होती, पाणी होतं, त्या काळात टेकड्या झाल्या आणि मग सगळं थंडावलं. सहा मिलिबार दाबात वाळू हलते म्हणणं म्हणजे कायच्या काय. आमच्या निपाणीत मार्च एप्रिलची वावटळ आली की वखारीतला चुरा उडतो, पण अंगणात टाकलेला वाळूचा ढीग जागचा हलत नाही. इथं पूर्ण हवा असून ही गत, तिथं काय होणार?

दगडधोंडे
@तंबाखूवखार, तुमची पुस्तकं चूक नव्हती, जुनी होती. २००५-०६ पर्यंत बरेच शास्त्रज्ञ असंच समजत होते. १९७० च्या दशकातल्या व्हायकिंग यानांचे फोटो आणि नंतर मार्स ग्लोबल सर्व्हेअर यानाचे फोटो शेजारी ठेवून बघितले तर मोठ्या टेकड्या आहे तिथंच दिसायच्या, एखाददुसरी बारकी टेकडी विरघळलेली सापडायची तेवढीच. त्यामुळं 'थिजलेल्या टेकड्या' हे चित्र डोक्यात बसलं.

मग २००६ ला मार्स रिकनिसन्स ऑर्बिटर पोचलं. त्यावरचा हायराईज कॅमेरा साधारण ३०० किमी उंचीवरून फोटो काढतो आणि त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे २५-३० सेंटीमीटर. एवढं बारीक दिसायला लागल्यावर पुन्हा त्याच जागा बघितल्या तर वाळूवरच्या लाटा सरकलेल्या, टेकडीच्या कडा पुढं आलेल्या. निली पतेरा नावाची जागा आहे तिथं, तिच्यावरचा शोधनिबंध २०१२ ला 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. तिथल्या टेकड्यांवरनं जेवढी वाळू वाहते ती अंटार्क्टिकातल्या व्हिक्टोरिया खोऱ्यातल्या टेकड्यांच्या तोडीची निघाली. म्हणजे मंगळावर आहे म्हणून नावालाच हलते असं काही नाही.

मास्तर, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: २०१९ ला ५४ ठिकाणच्या जवळजवळ पाचशे टेकड्या मोजून बघितल्या, सरासरी वेग आपल्या एका वर्षाला अर्धा मीटर. आपल्या वाळवंटातल्या चपळ टेकड्या वर्षाला तीसचाळीस मीटर जातात.

पोरका_ढग
वर्षाला अर्धा मीटर म्हणजे आपल्या सीमाप्रश्नाच्या केसपेक्षा जास्तच झालं की. ती २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, किती मीटर सरकली कुणी मोजलंय का?

चिकोडीकर
😂😂 आणि टेकडी सरकत सरकत दुसऱ्याच्या हद्दीत गेली तर तिचं नाव कुठल्या भाषेत लिहायचं?

संचालक
धागा मंगळावरच राहू द्या. सीमाप्रश्नाचे वेगळे धागे भरपूर आहेत, तिथंपण कुणी अर्धा मीटर हललेलं नाही.

सुभेदार_निवृत्त
मास्तर, मंगळाचं मला काय माहीत नाही, पण सरकणारी टेकडी बघितलीय. सर्व्हिसमध्ये जैसलमेरच्या पुढं पोस्टिंग होतं. उन्हाळ्यात आंधी आली की संध्याकाळी बघितलेला रस्ता सकाळी गायब. सीमेवरचं काटेरी कुंपण वाळूत बुडून जातं, कधी कधी वरची तार तेवढी गुडघ्याएवढी दिसते, मग फावडी घेऊन उपसा.

एक गोष्ट मात्र डोळ्यानं बघितलेली सांगतो. टेकडीच्या वाऱ्याकडच्या बाजूला झोपून बघितलं (गस्तीत झोपणं म्हणजे लपून पडणं, गैरसमज नको) की वाळू धुळीसारखी उडत नाही. जमिनीपासून हात दीड हातावर दाणे टुणटुण उड्या मारत जातात, वर आकाश स्वच्छ असतं आणि पायाला मात्र सुया टोचल्यागत होतं. दाणे माथ्यावर जाऊन साठतात आणि भार झाला की पलीकडच्या बाजूला घसरून पडतात. मागची बाजू झिजते, पुढची वाढते, म्हणून टेकडी चालते. एकदा डोक्यात बसलं की विसरत नाही माणूस.

शाळामास्तर_खानापूर
वा सुभेदारसाहेब, हे तर तुम्ही शाळेत येऊन सांगायला पाहिजे. पण त्या पोरीचा प्रश्न आहे तिथंच आहे. दाण्याला पहिली उडी मारायला लावणार कोण? हवाच पातळ.

रेतीवाला_घटप्रभा
मी या धंद्यातला म्हणून मधे बोलतो. दाणा कसला आहे ते बघा आधी. नदीची वाळू वेगळी, एम-सँड वेगळी. क्रशरमधनं आलेला दाणा टोकदार, एकमेकांत अडकून बसतो, वाऱ्याला दाद देत नाही. वाळवंटातला दाणा लोळून लोळून गोल झालेला, म्हणूनच तो काँक्रीटला चालत नाही. मंगळाची वाळू कशाची आहे? आणि पास कुणाकडनं घ्यायचा 😀

दगडधोंडे
@रेतीवाला, प्रश्न पक्का धंद्यातला आहे. मंगळावरची वाळू आपल्यासारखी पांढरट गारगोटीची नाही, बेसाल्टची आहे, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा दगड कुटल्यासारखी, त्यात ऑलिविन आणि पायरॉक्सिन ही खनिजं. म्हणून फोटोत त्या टेकड्या तांबड्या जमिनीवर काळ्या दिसतात. तांबडी दिसते ती वर बसलेली बारीक धूळ. टेकडी काळीशार दिसली म्हणजे तिथं धूळ टिकत नाही, वाळू हलती आहे. उत्तर ध्रुवाभोवती ऑलिंपिया उंडी म्हणून टेकड्यांचा प्रचंड पट्टा आहे, तिथं तर जिप्समपण सापडलंय.

आता मास्तरांचा प्रश्न. मंगळावरच्या हवेची घनता आपल्या साठाव्या भागाएवढी. त्यामुळं तिथं ताशी १०० किमीचा वारा सुटला तरी दाण्याला बसणारा धक्का आपल्याकडच्या १२-१३ किमीच्या झुळकीएवढा. एवढ्यात पडलेला दाणा उचलणं अवघडच. इथपर्यंत तंबाखूवखार यांचं बरोबर आहे.

पण एकदा का एखाद्या झोतात एक दाणा उडाला की चित्र पालटतं. गुरुत्व आपल्या ३८ टक्के आणि अडवायला हवा नाही, म्हणून उडी लांब आणि उंच. तो दाणा खाली येतो तो जोर घेऊनच, आणि कॅरमच्या स्ट्रायकरसारखा चार सोंगट्या उडवतो. त्या आणखी चार उडवतात. म्हणजे वाऱ्यानं प्रत्येक दाणा उचलायची गरजच उरत नाही, वाऱ्यानं फक्त उडत्या दाण्याला पुढं रेटायचं. २०१० च्या सुमारास गणितानं दाखवलं गेलं की मंगळावर वाळू उडायला सुरू व्हायला जो वारा लागतो त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाच्या वाऱ्यात ती उडत राहू शकते. पृथ्वीवर हा फरक फार नाही, सुरू करायला १०० लागलं तर चालू ठेवायला ८० लागतात. सगळी गोम या फरकात आहे.

तंबाखूवखार
गणित ठीक आहे, पण फोटोचं काय? सकाळच्या आणि दुपारच्या फोटोत आमच्या वखारीची सावली पण वीस फूट सरकते. टेकडीची सावली हलली आणि हे म्हणाले टेकडी हलली, असं नसेल कशावरून?

अंतराळवेडा_विजयनगर
काका हा मुद्दा त्यांनीपण धरलेला आहे. फोटो घेताना मंगळाचं वर्ष ६८७ दिवसांचं धरून शक्यतो त्याच ऋतूतले, सूर्य त्याच कोनात असतानाचे घेतात. आणि टेकडीच्या आजूबाजूचा खडक दोन्ही फोटोत एकावर एक बसवतात, खडक जुळला आणि टेकडी जुळली नाही म्हणजे टेकडीच हलली. निली पतेराला वापरलेलं सॉफ्टवेअर मुळात भूकंपात जमीन किती सरकली हे उपग्रहाच्या फोटोवरनं मोजायला बनवलेलं, फोटोतल्या ठिपक्यापेक्षापण कमी अंतर पकडतं ते.

शिवाय क्युरिऑसिटी रोव्हर गेल विवरात २०१२ पासून आहे. २०१५ च्या शेवटी ती बॅगनॉल्ड टेकड्यांपाशी गेली, नामिब नावाच्या टेकडीच्या अगदी पायथ्याशी उभी राहून फोटो काढले. चारपाच मीटर उंच टेकडी, पुढच्या उतारावर वाळू घसरल्याच्या रेघा स्पष्ट दिसतात. तिथंच तीनेक मीटर अंतरावरच्या लाटा सापडल्या, आपल्याकडच्या वाळूवर असतात त्या बोटभर लाटांपेक्षा मोठ्या आणि टेकडीपेक्षा लहान, असला मधला प्रकार पृथ्वीच्या वाळवंटात दिसत नाही.

तंबाखूवखार
खडक जुळवून बघतात म्हणताय तर मग सावलीचा मुद्दा मी मागं घेतो. वखारीचा नाही घेत.

सुभेदार_निवृत्त
बॅगनॉल्ड म्हणजे तोच ना? ब्रिटिश आर्मीतला इंजिनियर, लिबियाच्या वाळवंटात मोटारी घेऊन हिंडायचा आणि महायुद्धात लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा केला. आमच्या कोर्समध्ये त्याचं नाव होतं.

दगडधोंडे
तोच साहेब. रिकाम्या वेळात वाळू कशी उडते याचा अभ्यास करून १९४१ ला पुस्तक लिहिलं आणि त्यातली समीकरणं आजपण मंगळाला लावतात. फौजी माणसाचं नाव मंगळावरच्या टेकड्यांना मिळालंय.

सदाशिव_पेठ_सोडून
बदली होऊन बेळगावात आलेला पुणेकर म्हणून नमूद करू इच्छितो की मंगळावर 'पूना' नावाचं विवर आहे. १९७६ पासून.

चिकोडीकर
आणि त्यावर 'येथे यान उतरवू नये' अशी पाटी आहे.

पोरका_ढग
'दुपारी १ ते ४ वादळ बंद'

सदाशिव_पेठ_सोडून
अपेक्षित होतं. कुंदा खाऊन बसलोय म्हणून वाद घालत नाही.

मालनकाकू
एवढं सगळं वाचलं बाबा, डोकं गरगरलं, पण एक विचारते. सगळ्या टेकड्या सारख्याच सरकतात का? बारकी आणि मोठी एकाच चालीनं जाऊ लागली तर बारकी कधी मोठीला गाठणार नाही. आणि ध्रुवाकडं तर बर्फ म्हणे, तिथं वाळू गोठून बसत नाही होय?

दगडधोंडे
काकू, इतका नेमका प्रश्न आमच्या कॉलेजातली पोरं विचारत नाहीत. बारकी जोरात जाते. टेकडी एक मीटर पुढं जायची तर तेवढी सगळी वाळू वर चढून पलीकडं पडायला पाहिजे, उंच टेकडीत वाळूच ढीगभर, म्हणून ती रेंगाळते. बारकी मागून येऊन मोठीला धडकते, तिच्यात मिसळते, कधी पुढच्या टोकाकडनं दुसरीच बारकी सुटून जाते. अर्धा मीटर ही सरासरी झाली. ५०० मीटर लांबीची टेकडी त्या चालीनं गेली तर स्वतःची जागा पूर्ण सोडायला तिला हजार वर्षं लागतील.

जागेनुसारपण फरक आहे. सिर्टिस मेजर, हेलेस्पॉन्टस डोंगर आणि उत्तर ध्रुवाभोवतीचा पट्टा, या तीन ठिकाणी वाळू सगळ्यात जास्त वाहते. जिथं उंचसखल जमीन शेजारी शेजारी आहे किंवा तापलेली आणि थंड जमीन लागून आहे तिथं वारं जास्त सुटतं.

आणि ध्रुवाचं तुम्ही म्हणता ते बरोबर, हिवाळ्यात वाळू खरंच अडकून बसते. फक्त तो बर्फ पाण्याचा नाही, बहुतेक कार्बन डायऑक्साइडचा, म्हणजे कोरडा बर्फ. हिवाळ्यात तिथली हवाच गोठून जमिनीवर बसते म्हणा ना. वसंत आला की तो वितळत नाही, सरळ वाफ होतो. वरच्या बर्फाच्या पापुद्र्याखाली वायू कोंडतो, फट मिळाली की फुस्सकन सुटतो आणि सोबत काळी वाळू उडवून पांढऱ्या बर्फावर पंख्याच्या आकाराचे डाग टाकतो. उतारावरची वाळू सैल होऊन घसरते, घळी पडतात. म्हणजे तिथं टेकडीचा आकार बदलायला वाऱ्याइतकाच ऋतूपण जबाबदार.

अंतराळवेडा_विजयनगर
यात माझी सगळ्यात आवडती गोष्ट राहिली. रसेल विवरात एक भलीमोठी टेकडी आहे, तिच्या उतारावर वरून खालपर्यंत सरळसोट चर दिसतात, दोन्ही बाजूंना बांध आणि खालच्या टोकाला नुसता खड्डा, गाळ काहीच नाही. पाणी वाहिलं असतं तर खाली गाळ साठला असता. मग काहींनी म्हटलं की कोरड्या बर्फाचे ठोकळे माथ्यावरनं सुटून घसरत येत असतील, खालून वाफ सुटत असल्यानं तरंगल्यासारखे, आणि खाली येऊन थांबल्यावर तिथंच वाफ होऊन संपत असतील. हे खरं का बघायला त्यांनी अमेरिकेत कोरड्या बर्फाचे ठोकळे विकत आणून वाळूच्या टेकडीवरनं सोडून दिले. मस्त चर पडले! एवढी साधी गोष्ट करायला शास्त्रज्ञ व्हायला लागतं का असं वाटलं मला.

पोरका_ढग
आपण गोकाकला आईसकँडी सोडून बघू.

रेतीवाला_घटप्रभा
आमचं मंगळयान होतं की २०१४ पासून, त्यानं काय दाखवलं यातलं?

अंतराळवेडा_विजयनगर
मंगळयानाचा रंगीत कॅमेरा अख्खा गोल एका फ्रेममध्ये घ्यायला, धुळीची वादळं बघायला भारी होता. पण ते जवळात जवळ असतानापण एक ठिपका म्हणजे साधारण २० मीटर, त्यात वर्षाला अर्धा मीटर कसा दिसणार. त्याचं काम वेगळं होतं. २०२२ ला संपर्क तुटला.

आणि मंगळावरच थांबू नका सर, शनीच्या टायटन चंद्रावर पण टेकड्या आहेत! कॅसिनी यानाच्या रडारला दिसल्या. शंभरेक मीटर उंच, शेकडो किलोमीटर लांब ओळीच्या ओळी, विषुववृत्ताच्या पट्ट्यात. आणि वाळू दगडाची नाहीच, कार्बनी पदार्थाची, तापमान उणे १७९. तिथली हवा आपल्यापेक्षा दाट आणि गुरुत्व सातव्या भागाएवढं. गंमत म्हणजे नेहमीचा वारा पूर्वेकडून वाहायला पाहिजे पण टेकड्यांचा आकार सांगतो की वाळू पूर्वेकडं चाललीय. एक स्पष्टीकरण असं की रोजचा मंद वारा काही करतच नाही, अधूनमधून येणाऱ्या वादळातले उलटे झोत तेवढे वाळू हलवतात. २०२८ ला ड्रॅगनफ्लाय नावाचं उडतं यान सोडायचा बेत आहे, ते त्या टेकड्यांच्याच भागात उतरणार.

सुभेदार_निवृत्त
हे पटतं. थारमध्येपण बारा महिन्यातलं खरं काम दोन महिन्यांच्या आंध्याच करतात.

चिकोडीकर
मास्तर कुठं गेले? धागा त्यांचा आणि टायटनवर पोचलो आपण.

शाळामास्तर_खानापूर
इथंच आहे, परीक्षांचे पेपर तपासत वाचतोय. सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवलीय. पण मॉडेलचं अजून ठरेना. फॅननं टेकडी सरकवली तर ती जैसलमेरची झाली, मंगळाची कुठं? त्या पोरीला मी काय दाखवू?

दगडधोंडे
तिला तो सुरू होण्याचा आणि चालू राहण्याचा फरकच दाखवा की. फॅनचा रेग्युलेटर हळूहळू वाढवत न्या, दाणे उडायला लागले की किंचित मागं घ्या, इतकंच की आपसूक एकपण दाणा उडू नये. मग फॅनच्या बाजूनं चिमूटभर वाळू वरनं सोडा. पडलेल्या दाण्यांनी पुढचे दाणे उडायला लागले की झालं. पृथ्वीवर ही जागा अरुंद आहे, शंभर आणि ऐंशीच्या मधली, त्यामुळं रेग्युलेटर नीट धरायला लागणार. पायऱ्यांचा रेग्युलेटर असेल तर फॅनच मागंपुढं सरकवा.

मालनकाकू
मी आत्ताच करून बघितलं, नातू घरात होता. परातीत वाळू ओली होती म्हणून आधी रवा घेतला, बारीक रवा. मैदा घेऊ नका, तो नुसता धुरळा होऊन नाकात जातो आणि परातीत चिकटून बसतो. रवा कढईत थोडा कोरडा करून घेतला की छान सुटतो. परात गोल असल्यानं काठाशी वारा भोवऱ्यागत फिरतो, त्यापेक्षा पत्र्याचा लांब ट्रे घ्या आणि वाऱ्याकडची कड कापून टाका. दगडधोंडे म्हणतात तसं चिमूट टाकल्यावर पट्टा उठतो, पण वीतभर जाऊन थांबतो. नातू म्हणतो टेबल लांब पाहिजे. रात्री उपमा केला.

शाळामास्तर_खानापूर
काकू नमस्कार तुम्हाला. वीतभर गेला तरी बास आहे. शाळेत प्रयोगशाळेचं लांब टेबल आहे आणि दुकानवाला पत्रा देतो म्हणालाय.

रेतीवाला_घटप्रभा
वाळू मी देतो. नदीची चाळलेली, धुऊन वाळवलेली, अर्धं पोतं पुरे. बारीक जाळीची चाळण वापरा, कडधान्य चाळायची चालेल. एम-सँड कुणी फुकट दिली तरी घेऊ नका, सांगितलंच वर.

अंतराळवेडा_विजयनगर
सर चार्टवर ऑपॉर्च्युनिटी रोव्हरची गोष्ट टाका, २००५ ला वाळूच्या लाटेत चाकं रुतून महिन्याहून जास्त अडकली होती, इंच इंच करत काढली. आणि तिची जोडीदार स्पिरिट रोव्हर २००९ ला रुतली ती निघालीच नाही. पोरांना ही नावं लक्षात राहतात.

चिकोडीकर
चार्ट कन्नडमध्येपण लागणार ना तालुक्याला? मराठी मजकूर पाठवा, मी कन्नड करून देतो. आकडे मात्र दगडधोंडे सरांकडून तपासून घ्या, अर्ध्या मीटरचा अर्धा किलोमीटर झाला तर टेकडी हुबळीला जाईल.

शाळामास्तर_खानापूर
पाठवतो रविवारी. फॅन राहणार. प्रश्न विचारणाऱ्या पोरीलाच रेग्युलेटरवर बसवलंय, चिमूट सोडायला दुसरा पोरगा. सुभेदारसाहेब, शनिवारी अर्धा दिवस शाळा असते, दहा वाजता येऊ शकाल का?

सुभेदार_निवृत्त
पावणेदहाला गेटवर असतो.